घासाघीस न केलेला भाव

मी भाव सांगितला आणि त्या बाई फक्त "बरं" म्हणाल्या. मला संशय यायला लागला तो तिथूनच.

आमच्या अमरावतीत पहिल्या भावाला कोणी बरं म्हणत नाही. माझी आई कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा दोनदा निघून जायचं नाटक करते आणि दोन्ही वेळा भाजीवाली तिला परत बोलावते. रिक्षावाल्यानं साठ म्हटलं की बाबा न हसता तीस म्हणतात. मग दोघं मिळून जिथे पोचतात तो खरा भाव. भाव कमी झाला यापेक्षा आपण फसलो नाही याचंच समाधान जास्त असतं. म्हणून समोरचा माणूस काहीही न बोलता तुमचा भाव मान्य करतो, तेव्हा दोनच गोष्टी शक्य असतात. एकतर तुम्ही फार कमी मागितलेत, नाहीतर त्याला तुमच्याकडून दुसरंच काहीतरी हवं आहे.

मी घरी बसून लोकांची कामं करते. त्यांचे मेल लिहिते, तिकिटं काढते, भेटी ठरवते आणि वेळ झाली की आठवण करते, कुठल्या तरी लांबच्या कंपनीला इंग्रजीत फोन करून चार वेळा तेच विचारते. या कामाला पर्सनल असिस्टंट म्हणतात. आमच्या गल्लीत याला "पोरगी दिवसभर फोनवर असते" म्हणतात.

बीकॉम झाल्यावर मी हे सुरू केलं तेव्हा मावशीनं तिच्या शाळेत माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. इंग्रजी शाळा, पुढच्या काउंटरवर बसायचं, येणाऱ्या पालकांशी गोड बोलायचं. अनोळखी माणसांशी दिवसभर समोरासमोर बोलायचं, या कल्पनेनंच माझे हात गार पडत. मी घरी सांगितलं, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत मला वेळ द्या. तोवर दर महिन्याला नियमित पैसे देईल असं एक तरी काम मिळालं तर मी हेच करीन, नाही मिळालं तर काउंटरवर बसेन. बाबा म्हणाले, "जून म्हणजे जून." ते जानेवारीत म्हणाले होते.

भाव किती ठेवायचा हे मला कोणीच सांगू शकत नव्हतं. इंटरनेटवर डॉलरमधले भाव होते, ते वाचून हसू यायचं. मुंबईच्या मुलींचे भाव होते, ते वाचून भीती वाटायची. आमच्या चौकात टायपिंगवाला पानाचे पैसे घेतो, पण मी पानं करत नव्हते. शेवटी मी कागदावर लिहून बघितलं. तासाला तीनशे हावरटपणा वाटला. अडीचशे म्हटलं तर कोणीही दोनशेवर आणेल. मग मी दोनशे पंचाहत्तर ठरवले. त्यात काहीतरी विचार केल्यासारखं दिसत होतं. खरं तर विचार काहीच नव्हता. तीनशेची भीती आणि अडीचशेची भीती, दोन्हींच्या मधोमध तो आकडा बसला होता.

पहिलं काम एका कोचिंग क्लासच्या सरांचं होतं. त्यांनी पहिल्याच फोनवर मला बेटा म्हटलं. बेटाला तासाचा भाव सांगता येत नाही. "महिन्याचं काहीतरी ठरवून घेऊ, थोडंसंच काम आहे बेटा," असं म्हणून त्यांनी तीन हजार ठरवले. त्या थोडंसंमध्ये पुढे त्यांच्या मुलीचा सौरमंडळाचा प्रोजेक्ट आला, बायकोच्या वाढदिवसाचा केक आला आणि सासऱ्यांच्या पेन्शनचा अर्जही आला. दीड महिन्यानं मी ते सोडलं. सोडताना सर म्हणाले, "तू तर घरचीच होतीस." त्यातून मी एक नियम केला. जो माणूस पहिल्या फोनवर नातं जोडतो, त्याला भाव पाडायचा असतो.

अकोल्याच्या बाईंचा फोन मार्चमध्ये आला. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी त्यांना माझा नंबर दिला होता. त्यांची एमआयडीसीत डाळ मिल होती आणि ती त्या स्वतः चालवत. दक्षिणेकडचे व्यापारी इंग्रजीत मेल पाठवत, त्यांना उत्तरं द्यायला कोणीतरी हवं होतं. शिवाय एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं. फोनवरचं बारीक वाचता येत नव्हतं. म्हणून सगळं तोंडी सांगायचं आणि तोंडीच ऐकायचं, असा त्यांचा कारभार होता.

"इंग्रजी चांगलं हाये म्हने तुह्यं."

"हो मॅडम."

"मॅडम कायले? काकू म्हन."

झालं. माझ्या नियमाप्रमाणे मी सावध झाले.

"तासाचे किती घेशीन?"

मी तयारी केलेलं इंग्रजी वाक्य सुरू केलं. त्यांनी मधेच तोडलं.

"मराठीत सांग बापा. ते तुमचे इंग्रजी आकडे माह्या कानात शिरत नाईत."

आमच्या घरी मराठीच बोलतात. तरी आकडे माझ्या डोक्यात इंग्रजीतच उमटतात, कारण पाढे मी तसेच शिकले. दुकानदारानं "एकोणसाठ" म्हटलं की मी शंभराची नोट पुढे करते आणि परत किती येतात त्यावरून समजून घेते. बाबा लहानपणी पाहुण्यांसमोर मला विचारायचे, "सांग, एकोणऐंशी म्हणजे किती?" पाहुणे हसायचे. तेव्हापासून मी मराठी आकडा तोंडातून काढायचा टाळते. त्या दिवशी मात्र टाळता येईना. मी क्षणभर थांबून आकडा मराठीत सांगितला आणि आता "बापरे" ऐकू येईल म्हणून वाट बघत राहिले.

"बरं," काकू म्हणाल्या. "उद्यापासून सुरू कर."

महिना संपला. वीस तास झाले, असं मी त्यांना फोनवर सांगितलं. अर्ध्या तासात पैसे आले. पाच हजार पाचशे यायला हवे होते, आले सहा हजार पाचशे. मी भागाकार केला. तासाला तीनशे पंचवीस.

वर आलेल्या हजार रुपयांनी मला आनंद व्हायला हवा होता. मला झोपाळ्यावरून कोणीतरी मागून ढकलल्यासारखं झालं. सांगितलेल्या भावाला एक अक्षर न बोलता बरं म्हणायचं, आणि वर तासाला पन्नास जास्त द्यायचे? व्यापार करणारी बाई असं का करेल? विचारावं तर वाटलं, विचारलं आणि चूक निघाली तर परत मागतील. त्याहून वाईट म्हणजे, चूक नाही निघाली तर कारण सांगतील. मी गप्प बसले आणि लक्ष ठेवायला लागले.

लक्ष ठेवलं की दिसतंच. मेलचं काम सांगायला त्यांनी पाठवलेल्या व्हॉइस मेसेजमध्ये शेवटी भलतंच काहीतरी असायचं. "जेवली का वं?" "बाबा कायमधी हायेत तुहे?" "घरी कोन कोन राह्यते?" मी मोजून उत्तरं द्यायची. हो. वीज मंडळात. आम्ही तिघं. एकदा म्हणाल्या, "तू मले लय लौकर पाठवतेस वं. बँकेत गेली तं सायबाच्या खुर्चीवर कोनीच नव्हतं. अर्धा घंटा बसून राह्यली." मी म्हटलं, लोक वेळ पाळत नाहीत काकू. त्या म्हणाल्या, "हाव, तेही हायेच." यातही मला काहीतरी खोच वाटली, पण कशाची ते कळेना.

एप्रिलच्या मध्यावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली काकी आईला म्हणाली, "तुमच्या पोरीबद्दल एक बाई विचारून गेली. पोरगी कशी हाये, घरचे कसे हायेत, कोनासोबत फिरते का."

"कोठची बाई?" आईचा आवाज लगेच मऊ झाला.

"अकोल्याकडची म्हने."

गल्लीत येऊन मुलीची अशी चौकशी कशासाठी होते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आई घरी आली ती चपला न काढताच माझ्या खोलीत.

"त्या डाळ मिलवाल्याईले पोरगा हाये का वं?"

"मला काय माहीत?"

"काम करते त्यांचं अन् एवढंही माईत नाई?"

मग माझ्या डोक्यात सगळं एका रांगेत बसलं. काकू म्हण, बरं, तासाला पन्नास जास्त, बाबा काय करतात, घरी कोण कोण. त्या माझ्या कामाचे पैसे देत नव्हत्या. मला निरखायचे देत होत्या. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांचे मेसेज दीडपट वेगानं ऐकले. पण सोडायची हिंमत होईना. त्यांच्याशिवाय माझ्याकडे तेव्हा दुसरं काम नव्हतं, मे समोर होता, आणि मावशीचा दर रविवारी फोन यायचा, "फॉर्म भरून ठेवू का?"

मेच्या पहिल्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "एक दिवस ये इकडं. दोन महिने झाले, तोंड तं पाहू दे." नागपूरचे डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदा अकोल्याला येत. त्यांच्याकडे दुसऱ्या डोळ्याची तपासणी होती, त्यावर ऑपरेशनची तारीख ठरायची होती. त्याच दिवशी ये, म्हणाल्या, सोबत होईल.

आई म्हणाली, साडी नेस. मी म्हटलं, मी कामाला चाललेय. आई म्हणाली, "मी काय म्हटलं? कामालेच नेस." शेवटी मी नेहमीचाच कुर्ता घातला, आणि उन्हासाठी गुंडाळतात तसा तोंडाला स्कार्फ गुंडाळला. बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसले तरी तो सोडला नाही. डोळे सोडून काहीच दिसत नसलं की मला बरं वाटतं.

डाळ मिलमध्ये आवाज एवढा होता की लोक एकमेकांच्या कानाशी बोलत होते. सगळ्यावर पिवळट पीठ बसलं होतं, फाटकाशी झोपलेल्या कुत्र्यावरसुद्धा. काकूंचं ऑफिस काचेचं होतं. त्या माझ्या कल्पनेपेक्षा खूप लहान निघाल्या, काळा गॉगल लावलेल्या, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. त्यांचे म्हातारे मुनीम शेजारच्या टेबलाशी बसले होते.

"सोड ते फडकं," काकू म्हणाल्या. "डाकू आल्यावानी वाटते."

मी स्कार्फ सोडला. त्यांनी गॉगल कपाळावर सरकवून माझ्याकडे जवळून पाहिलं. तेवढ्यात एक बाई बशी घेऊन आली. बशीत कांदेपोहे होते.

मी बशी हातात घेतली, पण चमचा उचलला नाही.

"खा, खा. काहून, आवडत नाई?"

"आवडतात."

"उभी राह्य बरं." मी उभी राहिले. "उंची चांगली हाये तुही."

मी मनात वाक्य जुळवत होते. मला अजून लग्न करायचं नाही, तुमचे जास्तीचे पैसे मी परत करते. इंग्रजीत ते फार चांगलं जमत होतं.

"मंग ते वरच्या कपाटातली हिरवी फाइल काढून दे. मुनीमजीचा हात पोचत नाई, अन् माहा तं नाईच नाई."

मी फाइल काढून दिली. मुनीम हसले. काकूंनी डॉक्टरची वेळ विचारली. वेळ लक्षात ठेवायची नाही म्हणून तर मला ठेवलं होतं. दवाखान्यानं त्यांना फोनवर सांगितलेली वेळ त्यांनी मला मेसेजमध्ये पाठवली होती आणि मी ती कॅलेंडरमध्ये टाकली होती. मी फोन बघून म्हटलं, "अजून वेळ आहे काकू. मी सांगते तेव्हा निघू." वेळा मी नेहमी अशाच सांगायची, आकडा टाळून, "आता तयारी करा" किंवा "आता निघा".

मी पोहे खात होते. मुनीम मान वर न करता म्हणाले, "काकू, सव्वाअकरा झाले. तुरीवाला येऊन बसला हाये."

भिंतीवर मोठं गोल घड्याळ होतं. माझ्या खोलीत घड्याळ नाही, फोनवर आकडे असतात. मी सहज वर पाहिलं. लहान काटा अकराच्या जरासा पुढे होता आणि मोठा काटा तीनवर. अकरा वाजून पंधरा मिनिटं.

मी पुन्हा पाहिलं. माझ्या डोक्यात सव्वाअकरा म्हणजे पावणे, म्हणजे पंधरा कमी, म्हणजे दहा पंचेचाळीस होते. सव्वा आणि पावणे हे माझ्या लेखी पावाचे दोन शब्द होते, आणि कोणता अलीकडचा, कोणता पलीकडचा हे मी लहानपणीच कधीतरी उलटं धरून बसले होते. कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी टाळलं असतं.

मग बँकेतला तो अर्धा तास. काकूंनी सव्वाचार सांगितले होते, मी त्यांना पावणेचारला पाठवलं होतं. आणि आजची वेळ? त्यांच्या मेसेजमधला आवाज मला जसाच्या तसा ऐकू आला. "पावनेबारा." मी लिहिलं होतं बारा वाजून पंधरा.

"काकू, निघायला हवं," मी म्हटलं. "आत्ता."

"आत्ताच तं म्हनली अजून वेळ हाये."

"माझी नोंद चुकली. पावणेबाराची वेळ आहे."

"अन् डॉक्टर बाराले उठते!" त्या खुर्चीवरून खाली उतरल्याच. मिलची गाडी वाशिमला गेली होती. मुनीमांनी फाटकातून धावत जाऊन ऑटो थांबवला. रिक्षावाल्यानं शहरात जायचे दीडशे सांगितले आणि काकूंनी माझ्यानंतर बहुतेक पहिल्यांदाच घासाघीस न करता म्हटलं, "चाल!" मग मला कानात म्हणाल्या, "पाह्य, तुह्यामुळं."

रस्ताभर मी त्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. आम्ही पोचलो तेव्हा दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "पावणेबाराची वेळ होती ना? पाच मिनिटं झाली. बरं झालं आल्या, पुढच्या नावाला हाक मारणार होते. आज राहिल्या असत्या तर महिना गेला असता."

काकू आत गेल्या. मी बाकावर बसले आणि तेव्हा कुठे राहिलेली गोष्ट माझ्या लक्षात आली. मार्चमधला तो फोन. मला दोनशे पंचाहत्तर म्हणायचे होते. मी म्हणाले होते, सव्वातीनशे.

त्यांनी मला मी मागितले तेवढेच दिले होते.

मी बसल्या जागी हिशेब मांडला, पैशांचा नव्हे, बोलायचं की नाही याचा. वेळेची चूक त्यांना कळली होती, ती मी विसरभोळेपणावर ढकलू शकत होते. भावाची चूक फक्त मला माहीत होती. सांगितलं तर त्या म्हणतील, जिला सव्वा-पावणे कळत नाही तिच्या हाती माझ्या वेळा कशा देऊ? म्हणजे काम गेलं, म्हणजे जून आणि काउंटर. नाही सांगितलं तर सव्वातीनशे चालू राहतील, पण पुढच्या प्रत्येक "बरं"नंतर मी अशीच बसून राहीन.

काकू बाहेर आल्या त्या डोळे मिटून. डोळ्यांत थेंब घातले होते, बाहुली मोठी होईपर्यंत उघडायचे नव्हते. मी हात धरून त्यांना बसवलं. मिटलेल्या डोळ्यांच्या माणसाशी बोलणं मला फार सोपं गेलं.

"काकू, मला सव्वा आणि पावणेमधला फरक माहीत नव्हता."

"म्हंजे?"

"उलटं माहीत होतं."

"शायेत काय शिकवलं वं तुले?"

"क्वार्टर पास्ट. क्वार्टर टू."

"अन् घरी कोनी सव्वातीनले ये म्हनलं तं?"

"तर लवकर जायची."

त्यांना हसू आलं, थेंब गालावर ओघळला, तो त्यांनी पदरानं टिपला. म्हणजे अजून पुढचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, "आणि काकू, भाव सांगताना मला सव्वातीनशे म्हणायचं नव्हतं. पावणेतीनशे म्हणायचं होतं."

आता हसू थांबलं. डोळे मिटलेलेच, पण मान माझ्याकडे वळली.

"आता हे काहून सांगून राह्यली?"

"कारण तुम्ही बरं म्हणालात. मला दोन महिने वाटत होतं, तुम्हाला माझ्याकडून काहीतरी हवं आहे."

"अवं, तू तीनशे म्हनली असती तं मी अडीचशे केले असते. अडीचशे म्हनली असती तं दोनशे. गोल आकडा मानूस भीत भीत सांगते. कोनी सव्वातीनशे म्हनते तं त्याच्यामांगं काई हिशेब असते. मले वाटलं, पोरगी पक्की हाये, हिच्यासंगं डोकं नाई लावायचं. म्हनून बरं म्हनली."

"आणि अमरावतीत चौकशीला बाई पाठवली ती?"

"माही ननंद हाये तिकडं. माह्या बँकेचे मेल तुह्या हाती, पासवर्ड तुह्या हाती, अन् तोंड पाह्यलं नाई कधी. इचारू नाई तं काय करू?"

"आईला वाटलं, स्थळ आहे."

"अगो बाई!" शेजारचे दोन पेशंट वळून बघू लागले. "माहा पोरगा चाळीस वर्साचा हाये. दोन लेकरं हायेत त्याले." आणि मग हळूच, "म्हनून पोहे खाल्ले नाईत का नीट?"

म्हणजे दोन महिने आम्ही दोघी एकमेकींवर नजर ठेवून होतो. मला त्यांचा संशय, त्यांना माझा. हे कळल्यावर मला विचित्र हलकं वाटलं. पण काकू व्यापारी होत्या, विषय सोडणार नव्हत्या.

"मंग आता? पावनेतीनशे देऊ का? तुह्याच तोंडचे हायेत."

हो म्हणणं फार सोपं होतं. मला तेवढेच हवे होते. पण तो आकडा मी जानेवारीत, एकही काम केलेलं नसताना, घाबरून लिहिला होता. त्यानंतर मी कोचीच्या व्यापाऱ्याला एका दिवसात सात फोन केले होते. फोन होल्डवर असताना वाजणारी बासरी ऐकत ताटकळलेली मिनिटं मी कधी तासांत धरलीच नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "सव्वातीनशेच."

"काहून? पावनेतीनशेच मागायचे होते ना तुले?"

"तेव्हा मी तुमचे मेसेज ऐकले नव्हते."

"ओहो. अन् मले अर्धा अर्धा घंटा बसवलं त्याचं काय? अन् आज डॉक्टर हुकला असता तं? अडीचशे."

"आजचं मीच पकडलं. तीनशे दहा."

"दहा कायचे वं मधातच? पावनेतीनशे."

मी मनात काटा फिरवून पाहिला. दोनशे पंचाहत्तर. "तीनशे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आणि वेळा मी तुम्हाला परत म्हणून दाखवीन. आकडा सांगून."

मागचे जास्तीचे पैसे परत करते म्हटल्यावर त्या ताडकन म्हणाल्या, "ते तू मांगितले अन् मी देल्ले. त्याचं नाव नको काढू." आणि तीनशेचं? "पाहू," म्हणाल्या. तेवढ्यात दवाखान्यातल्या मुलीनं त्यांना परत आत बोलावलं.

पाहू. हो नाही, नाहीही नाही. परतीच्या गाडीत मी त्या शब्दाचा काथ्याकूट करत होते, तर मूर्तिजापूरच्या आसपास मावशीचा फोन आला.

"फॉर्मचं काय करू? सोमवारी शेवटचा दिवस आहे. तुझं ते काम पक्कं झालं का?"

मला खरं सांगायचं तर माहीत नव्हतं. काकूंनी काम चालू ठेवलं आहे की कोणी दुसरी बघायला सुरुवात केली आहे, याचा काहीच पत्ता नव्हता. पण आज मी एका माणसाच्या अगदी शेजारी बसून तीनदा नाही म्हणाले होते, आणि त्यातलं काहीही काउंटरवर बसून पालकांना म्हणता आलं नसतं.

"नको भरू," मी म्हटलं.

"विचार केलास?"

"हो."

मग मी कॅलेंडर उघडलं आणि पुढच्या नोंदी एकेक मेसेज पुन्हा ऐकून तपासल्या. पाच चुकीच्या निघाल्या. पाचही दुरुस्त केल्या, तोवर बडनेरा आलं.

घरी आई दारातच. "काय म्हनल्या? पोरगा काय करते?"

"नातवंडं आहेत त्यांना, आई."

आई हिरमुसली. मी काकूंना व्यवस्थित मेसेज लिहिला. तासाला तीनशे रुपये, पुढच्या भेटी तपासल्या आहेत, पाच नोंदी दुरुस्त केल्या आहेत. लिहून झाल्यावर आठवलं की त्यांना फोनवरचं वाचता येत नाही. तो पुसला, बटण दाबून धरलं आणि तोंडानं सांगितलं, "काकू, तासाचे तीनशे. आणि मंगळवारी बँकेत सव्वाचारला, म्हणजे चार वाजून पंधरा."

दहा मिनिटांनी त्यांचा मेसेज आला. मागे मिलचा आवाज होता.

"बरं."

एवढाच. मी तो तीन वेळा ऐकला. तिसऱ्या वेळी मला वाटायला लागलं की तीनशे दहावर अडून बसायला हवं होतं.